वाणसामानाचा वारसा

ठाण्यातल्या सावरकरनगरमधल्या आमच्या किराणा दुकानात उधारीच्या जुन्या वह्या अजून जपून ठेवलेल्या आहेत. एकेका घराचं एकेक पान, आणि त्या पानाला टाचणीने लावलेल्या महिन्याच्या याद्या. कुणी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलेली, कुणी शाळेच्या वहीचं पान फाडून, एखादी तर लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला. तूरडाळ २ किलो, शेंगदाणे १ किलो, साबुदाणा अर्धा, गूळ चिक्कीचा नको, चहा नेहमीचा. कोणत्या घराचा नेहमीचा चहा कोणता, हे बाबांना तोंडपाठ. संध्याकाळी जीएसटीचा हिशोब करायला मी दुकानात बसते, तेव्हा त्या वह्या चाळत बसायचा मला नाद लागला आहे.

त्या घरांतल्या मुली आता घोडबंदर रोडला, कळव्याला, डोंबिवलीला नांदतात. त्यांतल्या काहीजणी अजूनही यादी आमच्याकडेच पाठवतात, फक्त ती आता व्हॉट्सअॅपवर येते. आडनाव बदललं, घर बदललं, चाळीतून विसाव्या मजल्यावर गेल्या. यादी फारशी बदललेली नाही. चहा आईच्या घरचाच. गोड्या मसाल्यासाठी दगडफूल आणि नागकेशर त्याच मापाने. दिवाळीच्या आधी मोती साबणाच्या तेवढ्याच वड्या. उपवासाला भगर, आणि तीही ‘आईकडे यायची तीच द्या’ म्हणून. आईने कधी समोर बसवून शिकवलं नाही की अमुकच चहा घ्यायचा. पिशवी धरून ती आईबरोबर दुकानात येत होती, तेवढ्यात ते झालं.

यावर अर्थशास्त्रज्ञांनी बारकाईने काम केलेलं आहे. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्या कुटुंबांची वाणसामानाची खरेदी तपासणारा एक अभ्यास २०१२ मध्ये आला. गाव बदललं की पसंती साधारण ६० टक्के लगेच नव्या गावासारखी होते, आणि उरलेली ४० टक्के दोन-दोन दशकं चिवटपणे टिकते, असं त्यात निघालं. गाड्यांचंही तसंच. आईवडिलांनी ज्या कंपनीची गाडी घेतली, त्याच कंपनीची गाडी मुलाने घेण्याची शक्यता ३९ टक्क्यांनी अधिक असते, असं २०१५ च्या एका अभ्यासाने दाखवलं. जाहिरातवाल्यांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. म्हणून तर मोठ्यांच्या वस्तूंच्या जाहिरातीतही लहान मूल असतं.

हा वारसा डोळ्यांना दिसतो. मला लिहायचं आहे ते न दिसणाऱ्या वारशाबद्दल, कारण तोही याच पिशवीतून जातो असं मला अलीकडे वाटू लागलं आहे.

माझ्या आईला एक्केचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली. दिसायला ती काडी. वजन कधी पंचावन्नच्या वर गेलं नाही. रिपोर्ट पाहून शेजारणी म्हणाल्या, अगं, तुझ्या अंगावर तर मांससुद्धा नाही, तुला कशी झाली? आणि नातेवाइकांनी एका वाक्यात निकाल लावला: आपल्या घराण्यातच आहे ती. यावर कुणी पुढे काही विचारलं नाही. घराण्यात आहे म्हटलं की विषय संपतो. कुणाला दोष देता येत नाही, आणि काही करायचंही उरत नाही. घराण्यातून नेमकं काय येतं, कोणत्या वाटेने येतं, हे मात्र मला कुठेतरी उलगडून पाहायचं होतं.

आईचा जन्म १९७३ च्या दसऱ्याच्या सुमाराचा, साताऱ्याच्या माण तालुक्यातला. म्हणजे आजीचे गरोदरपणाचे बरेचसे दिवस दुष्काळात गेले. १९७२ चा पाऊस आलाच नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती, आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येने. आजी पाझर तलावाच्या कामावर होती, नंतर रस्त्याच्या खडीवर. पोटात पाच महिन्यांचं मूल आणि समोर दगडाचा ढीग. अमेरिकेतून आलेला मिलो, म्हणजे लाल ज्वारी, रेशनला मिळायची. कामावर कधी सुकडी मिळायची, ती आजी पदरात बांधून थोरल्या पोरांसाठी घरी न्यायची. त्या दिवसांबद्दल ती फार बोलत नसे. पण एकदा बोलली तेव्हा म्हणाली, “लाल जुंधळा व्हता त्यो. भाकर थापली की चिरायची. पर मिळंल ती ग्वाड.” मी विचारलं, तू किती खायचीस? ती म्हणाली, “आदी गडी मान्सं, मग पोरं. मग ऱ्हाईल त्ये.”

आता जीवशास्त्रातली एक गोष्ट सांगते. ती वाचली तेव्हा मला कितीतरी दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या आयुष्यभराच्या अंडपेशी तिच्या बीजकोशात तयार होतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास त्यांची संख्या सर्वांत जास्त असते, साठ-सत्तर लाखांपर्यंत. मग ती घटतच जाते, आणि जन्माच्या वेळी दहा-वीस लाख उरतात. म्हणजे गरोदर बाईच्या पोटात मुलगी असेल, तर तिथे एका वेळी तीन पिढ्या एका ताटातलं जेवत असतात: ती स्वतः, तिची मुलगी, आणि त्या मुलीला पुढे कधीतरी होणाऱ्या मुलाचं बीज. मी ज्या अंडपेशीतून झाले, ती १९७३ च्या उन्हाळ्यात खडी फोडणाऱ्या आजीच्या पोटात होती. मिलोची ती चिरलेली भाकरी माझ्यापर्यंत पोचलेली आहे. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही, शरीराची रचनाच तशी आहे.

पोचली म्हणजे काय झालं, याचा सगळ्यात नीट नोंदलेला दाखला नेदरलँड्सचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, जर्मन सैन्याने त्या देशाच्या पश्चिम भागाची रसद तोडली. माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्या खाली गेला, काही आठवडे तर त्याच्याही निम्म्यावर. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि खाणं पुन्हा मिळू लागलं. भूक अमुक तारखेला सुरू झाली आणि अमुक तारखेला संपली, हे इतकं स्पष्ट असलेली अशी घटना इतिहासात क्वचितच सापडते, आणि दवाखान्यांनी त्या काळातही जन्माच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यामुळे पुढे संशोधकांना त्या वेळी पोटात असलेली मुलं शोधून काढता आली. मोठेपणी या मुलांमध्ये रक्तातली साखर नियंत्रणात न राहण्याच्या तक्रारी जास्त दिसल्या. गरोदरपणाच्या सुरुवातीला ज्यांच्या आया उपाशी होत्या त्यांच्यात लठ्ठपणा आणि हृदयविकारही अधिक दिसला. आणि गंमत नाही, काळजाला लागणारी गोष्ट ही, की ही सुरुवातीला उपाशी राहिलेली मुलं जन्माला आली तेव्हा चांगली भरलेल्या वजनाची होती. आया पुढे पोटभर जेवल्या, वजन भरून निघालं. वजनकाट्यावर काहीच दिसलं नसतं.

दिसलं ते साठ वर्षांनी. २००८ मध्ये या माणसांच्या रक्तातला डीएनए त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी ताडून पाहिला गेला. गर्भधारणेच्या सुमारास भूक सोसलेल्यांमध्ये, वाढीशी संबंधित आयजीएफ-२ या जनुकावरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा भावंडांपेक्षा कमी होत्या. जनुकाची अक्षरं तीच, फरक होता तो खुणांमध्ये. आमच्या दुकानात यादी आली की बाबा पेन्सिलीने खुणा करत जातात, त्यावरून पोऱ्याला कळतं काय बांधायचं आणि काय ठेवायचं. मिथाइलच्या खुणा पेशीसाठी साधारण तेच काम करतात. आणि त्यांतल्या काही, पोटात असताना एकदा पडल्या की साठ वर्षं पुसल्या जात नाहीत.

एका माणसाकडे बोट दाखवून, तुझी शुगर त्या दुष्काळामुळेच, असं कुणी म्हणू शकत नाही. आईच्या बाबतीतही मी तसं म्हणत नाही. असे अभ्यास हजारो माणसांचा कल सांगतात. पण ‘घराण्यात आहे’ या वाक्यात आजीची अर्धी राहिलेली भाकरी मोजलेली नसते, आणि ती मोजली जावी असं मला फार वाटतं.

वह्यांवर माझा जीव आहे, म्हणून इंग्लंडमधल्या वह्यांची गोष्ट मला विशेष आवडते. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन वहीत लिहून ठेवत. अनेक दशकांनी डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वह्या बाहेर काढल्या, तीच बाळं म्हातारी होऊन कशाने गेली ते शोधलं, आणि कमी वजनाने जन्मलेल्यांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू अधिक आहेत हे त्यांना दिसलं. एरवी म्हातारपणाचा म्हणून समजला जाणारा आजार जन्माआधीच सुरू झालेला असू शकतो, ही कल्पना तिथून पक्की झाली.

आपल्याकडचं काम मात्र इंग्लंडच्या पुढे गेलं, आणि ते पुण्यात झालं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास हाती घेतला. लग्न झालेल्या, अजून गरोदर नसलेल्या बायकांपासून सुरुवात केली आणि पुढे त्यांच्या मुलांचा माग ठेवला. तिथल्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आठशे ग्रॅम कमी, पण ते सगळीकडे सारखं कमी नव्हतं. स्नायू आणि पोटातले अवयव लहान राहिले होते, चरबी मात्र जवळपास राखून ठेवलेली होती. बाळ दिसायला बारीक, आतून मेदाळ. माझ्या आईचं हे तंतोतंत वर्णन आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, अगदी सारखा. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दोन शर्टातली दोन सडपातळ माणसं. तो फोटो मी आईला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, म्हणजे मी उगाच जास्त खाल्लं म्हणून नाही ना झालं? इतकी वर्षं ती मनात तेच धरून बसली होती.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, ती थेट आमच्या दुकानाशी येऊन भिडते. या गरोदर बायकांपैकी साधारण दोन-तृतीयांश जणींमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. बी-१२ फक्त प्राणिज पदार्थांत असतं: दूध, दही, अंडी, मासे, मांस. ज्यांच्या अंगात बी-१२ कमी आणि फोलेट हे दुसरं ब-जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांची मुलं सहाव्या वर्षीच इन्सुलिनला कमी दाद देत होती. सहाव्या वर्षी! त्या बायकांच्या घरी दूध नव्हतं का? पुष्कळ घरी होतं. ते डेअरीला जात होतं, चहात जात होतं, घरातल्या पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या पेल्यात जात होतं.

आता मिशरीबद्दल. खरेदीची सवय आणि शरीराचा वारसा, या दोन्ही गोष्टी एका डबीत बघायच्या असतील तर ती डबी मिशरीची.

आजी आमच्याकडे बाळंतपणांना यायची तेव्हा तंबाखू गावाहून आणायची. मागच्या गॅलरीत स्टोव्हवर जुना लोखंडी तवा ठेवायची आणि त्यावर तंबाखूची पानं काळीभोर होईपर्यंत परतायची. असा खकाणा उठायचा की शेजारच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. मग ते तळहातावर चुरून, फडक्यातून चाळून पितळी डबीत भरायचं. सकाळी उठल्यावर पहिलं काम डबी उघडायचं. तर्जनीवर चिमूट घेऊन हिरड्यांवर घासत ती दाराशी उकिडवी बसायची. आईने मिशरी त्याच डबीतून घ्यायला सुरुवात केली, बारा-तेरा वर्षांची असताना. दात बळकट होतात, सकाळी पोट साफ होतं, भूक मरते. भूक मरते हा तिचा गुण म्हणून सांगितला जायचा. माझ्या वेळी आई गरोदर होती तेव्हाही ती लावत होती. लग्नानंतर भाजायचा त्रास नको म्हणून ती तयार पुडी घ्यायला लागली, तीही आमच्याच दुकानातून.

२००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो करणारे डॉ. प्रकाश गुप्ता पुढे नवी मुंबईतल्या हीलिस सेखसरिया संस्थेचे संचालक झाले. तंबाखू ओढणाऱ्या बायकांचा हा अभ्यास नव्हता. मिशरी लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या बायका यात होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली, आणि दिवस भरण्याआधी जन्मण्याचं प्रमाणही जास्त निघालं. आईने डबीतून चिमूट घ्यायला मुलीला शिकवलं, हा एक वारसा. त्या चिमटीतलं निकोटिन वारेतून बाळापर्यंत गेलं, हा दुसरा. दोन्ही एकाच सकाळी, एकाच बोटाने. बाबांनी दुकानात तंबाखूच्या पुड्या ठेवणं बंद केलं त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि त्यांनी केलेल्या कामांत मला याचा सगळ्यात जास्त अभिमान आहे.

साखरेचं थोडक्यात सांगते. ब्रिटनमध्ये युद्धाच्या वेळी सुरू झालेलं साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं, आणि लोकांचं साखर खाणं बघता बघता जवळपास दुप्पट झालं. त्या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे जन्मलेल्या माणसांची तुलना २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आली. पोटात असताना आणि पहिली दोन वर्षं ज्यांच्या वाट्याला कमी साखर आली, त्यांच्यात पुढे मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा २० टक्क्यांनी कमी होता. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला चहात बुडवून ग्लुकोज बिस्किट भरवणाऱ्या घरांची आमच्या वस्तीत कमी नाही. ते प्रेमाने भरवतात. दोन वर्षांखालच्या मुलांच्या डबाबंद आहाराची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने आणि त्याच्या २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे. बिस्किटांना ती लागू नाही.

चवीचंही असंच आहे, आणि इथे आपल्या बायकांची जुनी रीत मला मनापासून पटते. अमेरिकेत जूली मेनेला यांनी काही गरोदर बायकांना शेवटच्या तिमाहीत गाजराचा रस प्यायला दिला. त्यांच्या बाळांना पुढे गाजराची चव असलेली पेज भरवली तेव्हा त्यांनी तोंडं कमी वाकडी केली. लसणाचा वास गर्भजलात उतरतो, हेही त्यांनीच आधी दाखवून दिलं होतं. म्हणजे बाळंतिणीला अळिवाची खीर, शेपूची भाजी, लसूण-खोबऱ्याची चटणी देणारी आजी बाळालाही दुधातून या घरच्या चवी ओळखीच्या करून देत होती. माझी मुलगी शेपू आवडीने खाते, तेव्हा तिच्या बालवाडीतल्या इतर आया मला विचारतात कसं काय जमवलंस. आजीला विचारायला हवं होतं.

आणि बाप? या विषयावर मराठीत जे काही फिरत असतं त्यात सगळा भार बाईच्या डोक्यावर असतो, ते मला अजिबात मान्य नाही. शुक्रपेशी तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, आणि त्या काळात बाप काय खातो, काय ओढतो, हे त्यांच्यापर्यंत जातं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये नर उंदरांना खूप चरबीचा आहार दिला, आणि त्यांच्या मुलींमध्ये इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचं काम बिघडलेलं आढळलं. आईच्या आहाराला हातही लावलेला नव्हता. पुण्याच्या त्याच सहा गावांतली मुलं मोठी झाल्यावर, २०१२ पासून, डॉ. याज्ञिकांच्या गटाने त्यांना लग्नाच्या वयाआधीच बी-१२ च्या गोळ्या द्यायला सुरुवात केली. ती मुलींना दिली आणि मुलग्यांनाही दिली. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

आता जे सांगण्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिथे येते. आपल्याकडे बाईला आधी वाढायची एक हक्काची वेळ आहे: डोहाळजेवण. सातव्या महिन्यात तिला फुलांची वाडी भरतात, पाटावर बसवतात, पाच पक्वान्नं तिच्या पुढ्यात ठेवतात, तिला काय हवं ते विचारतात. सोहळा सुंदर आहे, आणि तो मोडावा असं मी म्हणणार नाही. पण तोपर्यंत बाळाचे अवयव घडून गेलेले असतात. मुलगी असेल तर तिच्या अंडपेशी पाचव्याच महिन्यात तयार झालेल्या असतात. नेदरलँड्सच्या बाळांवर खुणा पडल्या त्या तर अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत, बाईला स्वतःलाही धड कळलेलं नसतं तेव्हा. आपण तिला विचारतो ते फार उशिरा.

किती आधी विचारायला हवं, तेही आपल्या शेजारीच तपासून झालेलं आहे. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये २००६ पासून डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लग्न झालेल्या बायकांना रोज एक खाऊ दिला. पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला, सामोशासारखा किंवा वडीसारखा. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या साध्या भाज्यांचा तसाच खाऊ. सगळ्या बाळांच्या वजनात मिळून फरक पडला नाही. पण दिवस राहण्याच्या निदान तीन महिने आधीपासून जिला हा खाऊ मिळत होता, तिचं बाळ सरासरी ४८ ग्रॅमने भरलं. आणि गरोदरपणातला मधुमेह पहिल्या गटात ७.३ टक्के जणींना झाला, दुसऱ्यात १२.४ टक्के जणींना. मेथी, पालक, थोडं दूध, एखादं फळ. जांभळी नाक्याच्या मंडईत पिशवीभर मिळतं.

हे वाचल्यावर मला गर्भसंस्काराच्या महागड्या वर्गांचा आणि पावडरींचा राग येतो. ठाण्यात त्यांचे फलक जागोजागी आहेत. ते गरोदर बाईच्या भीतीवर चालतात आणि तिच्याच पर्समधून पैसे नेतात, आणि तिची सोळा वर्षांची धाकटी बहीण सकाळी बिनदुधाचा चहा पिऊन कॉलेजला जाते, तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत निघालं. त्या गरोदर झाल्यावर अॅनिमिक झालेल्या नाहीत. त्या घरात शेवटी जेवत आलेल्या आहेत.

शेवटी जेवायची ही रीत आमच्याही घरात होती. कुणी ती लादली नव्हती. आजीने आईला ‘तू शेवटी जेव’ असं कधी सांगितलं नसेल. आईने ते पाहिलं, जशी वहीतल्या त्या मुलींनी चहाची पुडी पाहिली. आजीकडे दुष्काळ होता. आईकडे दुष्काळ नव्हता, तिच्याकडे तर अख्खं किराणा दुकान होतं. तरी ती रात्री सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभी राहून, कुकरच्या तळाचा भात आणि आमटीचं पाणी जेवायची. डाळ आमच्या वाटीत आलेली असायची. आणि या सगळ्या संशोधनाकडे बघताना माझी एक तक्रारही आहे. त्यात बाई बहुतेक वेळा कुणाची तरी होणारी आई म्हणून येते. तिला दूध मिळावं ते पुढच्या बाळासाठी. मला वाटतं तिला दूध मिळावं कारण तिला भूक लागते. मूल होवो न होवो. माझ्या आईला आता मूल व्हायचं नाही, तिच्या ताटातली डाळ म्हणून कमी होऊ नये.

दुकानात आम्ही थोडा बदल केला आहे. वेफर्सच्या ५-५ रुपयांच्या माळा पुढच्या दांडीवर, बरोबर पोरांच्या डोळ्यांसमोर लटकायच्या. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकायचे नाहीत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. आमचं दुकान त्याहून लांब आहे, पण पोरं तीच. त्या माळा बाबांनी वर, मोठ्या माणसाच्या हाताला येतील अशा टांगल्या, आणि खाली फुटाण्याच्या आणि शेंगदाणा चिक्कीच्या पुड्या लावल्या. वेफर्स अजूनही जास्तच खपतात. पण मागून घ्यावे लागतात, त्यामुळे निदान आईला एकदा विचारावं लागतं. अंड्यांचे ट्रे ठेवायला बाबा तयार नव्हते, काही गिऱ्हाइकांना चालणार नाही म्हणून. आता शटरच्या डाव्या बाजूला वेगळी मांडणी करून ठेवतात, आणि संध्याकाळपर्यंत ती रिकामी होते.

घरी पोळ्या आधी करून डब्यात ठेवायच्या आणि सगळ्यांनी एकदमच बसायचं, हे ठरवून आता बरेच महिने झाले. बाबांना तव्यावरची गरम पोळी लागते, त्यांनी सुरुवातीला कुरकुर केली, मग केली नाही. माझ्या मुलीला तर आजी शेवटी जेवते हे माहीतच नाही. उपवासांवर मात्र आमचं अजून पूर्ण जमलेलं नाही. डॉक्टरांनी सांगितल्यावर आई गुरुवार सोडायला तयार झाली, संकष्टी सोडायला नाही. चंद्रोदय कधी नऊला, कधी साडेनऊला, तोपर्यंत ती साबुदाण्यावरच काढायची. आता दुपारी एक पेला दूध आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे घ्यायचे आणि साबुदाणा बंद, एवढ्यावर सध्या तडजोड झाली आहे. श्रावणाबद्दल तिच्याशी अजून बोलायचं आहे.